सोलापुरात पाळीव उंदरांची वीण: जोडी लावण्यापासून पिल्लं वेगळी करेपर्यंत

पाळीव उंदरांना पिल्लं व्हावीत म्हणून आपल्याला फारसं काही करावं लागत नाही. नर-मादी दहा दिवस एका पिंजऱ्यात राहिली की महिन्याभरात पिल्लं हजर. खरं काम पुढे असतं: ती जगवायची, वेळेत वेगळी करायची, त्यांना घरं शोधायची. आणि सोलापुरात या सगळ्यावर हुकूम चालतो उन्हाळ्याचा. मार्च ते जून इथे वीण घ्यायचीच नाही, एवढं एकदा ठरवलं की बाकीचं वेळापत्रक आपोआप बसतं.

इथे बोलणं आहे ते पाळीव रॅटविषयी: पांढरे, लाल डोळ्यांचे, किंवा डोक्याला टोपरं घातल्यासारखे काळ्या-तपकिरी तोंडाचे, ज्यांना हुडेड म्हणतात. गटारात दिसणाऱ्या तपकिरी उंदराचेच हे माणसाळलेले वंशज. माळ्यावरचा काळा उंदीर निराळा, घूस तर त्याहून निराळी. दुकानात ‘छोटे रॅट’ म्हणून देतात ते बऱ्याचदा माइस असतात. वीस-तीस ग्रॅमवर वाढ थांबते ते माइस. त्यांना खालची मापं लागू पडत नाहीत. पूर्ण वाढलेली रॅट मादी २५० ते ३५० ग्रॅम भरते, नर ४०० ते ६००. आयुष्य दोन ते तीन वर्षं.

आधी हिशोब

मादी पाचव्या-सहाव्या आठवड्यातच वयात येते. दर ४-५ दिवसांनी माजावर येते आणि व्यायल्यावर २४ तासांच्या आत पुन्हा माजावर येते. गर्भकाळ २१ ते २३ दिवस, एका वेताला साधारण ८ ते १२ पिल्लं. आता कागदावर मांडा. दहा पिल्लांत पाच माद्या धरल्या आणि त्यांचे भाऊ वेळेत बाजूला काढायचे राहिले, तर ३५ दिवसांच्या त्या माद्या पुढच्या २२ दिवसांनी व्यायला बसतात. दोन महिन्यांच्या आत नव्या पिल्लांचाच आकडा पन्नासच्या घरात, आणि त्यात आईचं दुसरं वेत धरलेलंच नाही.

म्हणून जोडी लावण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात. एक, निदान आठ पिल्लांसाठी पक्की घरं. नुसतं ‘बघू, घेऊ की’ म्हणणाऱ्याला घर म्हणून मोजू नका. दुसरी, दोन रिकामे पिंजरे, एक नर पिल्लांसाठी आणि एक माद्यांसाठी. पिंजरे नंतर आणू म्हणणाऱ्यांकडेच ते पन्नास होतात.

कॅलेंडर उलटं मोजा

उंदराला २० ते २६ अंश तापमान मानवतं. तिशीच्या वर तो सुस्तावतो, पस्तिशीच्या पुढे जिवावर बेतू शकतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, बेचाळीसचं कुणाला नवल वाटत नाही. उंदराला अंगभर घाम येत नाही. शेपटीतून उष्णता बाहेर टाकायची आणि अंगाला लाळ फासायची, एवढेच उपाय त्याच्याकडे. गाभण किंवा पाजणाऱ्या मादीचं शरीर मुळातच जास्त तापलेलं असतं, त्यामुळे पहिली तीच कोसळते.

नराचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. सतत तापलेल्या खोलीत त्याचं बीज बिघडतं, आणि नवं बीज तयार होऊन बाहेर यायला साधारण दोन महिने जातात. मृगाचा पाऊस झाला, खोली गार पडली, म्हणून लगेच जोडी लावली तर मादी बऱ्याचदा खाली राहते किंवा दोन-तीनच पिल्लं देते. जूनच्या मध्यापासून दोन महिने सोडा. ऑगस्टच्या मध्याला सुरुवात करा.

शेवटची तारीख अशी निघते: जोडी १० दिवस, गर्भ २२ दिवस, पिल्लं सहा आठवड्यांची होईपर्यंत ४२ दिवस, मिळून ७४. फेब्रुवारी संपायच्या आत पिल्लं नव्या घरी जायला हवीत, तर १५ डिसेंबरनंतर जोडी लावायची नाही.

मधल्या काळात सण बघून तारीख काढा. उंदराला आपल्याला ऐकू न येणारे बारीक सूरही ऐकू येतात; फटाक्यांनी आणि डीजेने बिथरलेली नवी आई पिल्लं खाऊन टाकू शकते. व्यायची तारीख आणि पुढचे सात-आठ दिवस गणेशोत्सवात, दिवाळीत येऊ देऊ नका. होम मैदानाजवळ राहणाऱ्यांनी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकामही लक्षात घ्यावं. पूर्व भागात, घराची भिंत यंत्रमागाच्या शेडला लागून असेल, तर पिंजरा त्या भिंतीला टेकवू नका. मागाचा खडखडाट माणसाच्या अंगवळणी पडतो; पाजणाऱ्या मादीला मात्र तो हादऱ्यासकट पोचतो.

पिंजरा आणि हवा

दोन मोठ्या उंदरांसाठी निदान ७५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच पिंजरा लागतो. वेल्डिंगवाल्याकडून करून घेणार असाल तर अर्धा इंची जाळी सांगा. पाऊण इंचीतून चार आठवड्यांचं पिल्लू आरामात बाहेर येतं. पिंजऱ्याचा तळ मात्र जाळीचा नको. जाळीवर चालून पायाच्या गादीला घट्टे पडतात, ते फुटून पिकतात आणि मग महिनोन्‌महिने बरे होत नाहीत. पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा सपाट ट्रे, त्यावर बिछाना.

काचेची टाकी नकोच. उंदराच्या मुतातून अमोनिया सुटतो, तो टाकीत तळाशी कोंडतो. पाळीव उंदरांत जवळपास सगळ्यांच्या फुप्फुसात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू ठाण मांडून असतो. हवा स्वच्छ असेल तर तो गप्प बसतो, अमोनियाने श्वासनळी चरचरली की डोकं वर काढतो. तुमच्या नाकाला वास आला म्हणजे उंदराला त्रास सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो, कारण त्याचं नाक बिछान्यापासून दोन इंचांवर असतं. त्याच खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल लावायची नाही. स्वयंपाकघरही नको, फोडणीचा खाट आपल्याला ठसका आणतो, तर त्याला काय होत असेल.

बिछान्यासाठी साधा कागद फाडून केलेल्या पट्ट्या सगळ्यांत बऱ्या. कागदाच्या दाबून केलेल्या गोळ्याही चालतात. लाकडाच्या वखारीतला भुसा स्वस्त मिळतो, पण त्यात बारीक धूळ आणि तेलकट लाकडांचा वास असतो, म्हणून टाळा. कारखान्याकडचं उसाचं चिपाड ओलं झालं की बुरशी धरतं. आणि खास सोलापुरातली चूक म्हणजे मागावरचं सूत आणि चादरी-टॉवेलांच्या कडा. फुकट मिळतात, मऊ असतात, मादी हौसेने ओढून नेते. पण सुटा धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो, आवळतो आणि दोन दिवसांत पाय काळा पडतो. कापूसही याच कारणासाठी नको. कापडच द्यायचं तर धागे न सुटणारं फ्लीस द्या.

ओला कोपरा रोज काढायचा, पूर्ण बिछाना आठवड्याला बदलायचा. फिनेल वापरू नका. भांड्याच्या साबणाने धुवा, पिवळे डाग राहिले तर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी लावून घासा, कोरडं होईपर्यंत उन्हात ठेवा. सोलापूरचं ऊन कामाला येतं ते इथे.

पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पिल्लांच्या अंगाला दुधाचा वास असतो आणि लाल मुंग्या एका रात्रीत अख्खं वेत संपवतात. मुंग्यांची पावडर किंवा खडू पिंजऱ्याजवळ नको. घरात उंदीर मारायच्या वड्या ठेवल्या असतील तर त्या आधी घराबाहेर काढा. त्यांतल्या बऱ्याच वड्यांच्या विषाने अंगात रक्तस्राव होतो, आणि पाळीव उंदीर बाहेर फिरताना नेमका कपाटामागेच जातो. घरात रानउंदीर येत असतील तर बंदोबस्त सापळ्याने करा आणि धान्य बंद डब्यात ठेवा. लेप्टोस्पायरोसिस, उवा, गोचिड्या हे सगळं बाहेरच्या उंदरांकडून येतं.

पाण्याला नळीच्या तोंडाशी धातूची गोळी असलेली बाटली लावा. बोअरचं पाणी असेल तर नळीत क्षार साचून गोळी अडकते. बाटली भरलेली दिसते आणि आत जनावर तहानलेलं असतं. रोज बोटाने गोळी दाबून थेंब येतो का बघा, पंधरवड्यातून एकदा नळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा. पाजणाऱ्या मादीच्या पिंजऱ्यात दोन बाटल्या हव्यातच. तहानलेल्या आईकडून पिल्लं मारली जाण्यामागे अडकलेली बाटली हे कारण कुणाच्या ध्यानातही येत नाही.

उन्हाळा काढायचा कसा

वीण नसली तरी जनावरं घरात असतातच. पत्र्याच्या छताखालची खोली मार्चपासून बाद. माळवदाचं जुनं घर असेल तर तळातली खोली यासाठी उत्तम, दुपारीही ती बरीच गार राहते. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर न घेता खोलीत सोडा. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, उंदीर त्यावर पोट टेकून पसरतात. वीज जाणार हे गृहीत धरून फ्रीझरमध्ये दोन-तीन पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कडेला ठेवायच्या, म्हणजे ज्याला नको तो लांब जाऊ शकतो.

उंदीर लांबलचक पडून राहिला, लाळ गळतेय, कान-शेपटी लालभडक आणि गरम लागतेय, तर ऊन लागलंय. गार जागी आणा, शेपटी आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, पंखा हळू लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. शुद्धीवर असेल तरच पाणी पाजा आणि लगेच डॉक्टर गाठा.

खाणं

मोठ्या उंदराला दिवसाला १५ ते २० ग्रॅम कोरडं खाणं आणि २५ ते ४० मिलिलिटर पाणी लागतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी तयार करतात तो पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांचा खुराक मिळाला तर निम्म्याहून जास्त तोच द्या, कारण जीवनसत्त्वं आणि क्षार घरच्या धान्यातून पुरे पडत नाहीत. उरलेल्यासाठी एक किलोचं मिश्रण असं: ज्वारी ४०० ग्रॅम, बाजरी १५०, गहू १५०, ओट्स १५०, सोया चंक्स १००, जवस आणि तीळ मिळून ५०. यात प्रथिनं साधारण १५ टक्के बसतात, साध्या दिवसांना तेवढी पुरतात. सोयाबीन कच्चं घालू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच जातो. चंक्स आधीच शिजवून केलेले असतात.

वाटी संपल्याशिवाय नवं घालायचं नाही. नाहीतर तीळ आणि सोया वेचून खायचं आणि ज्वारी तशीच ठेवायची, ही त्यांची सवय पक्की होते.

शेंगदाण्याबाबत मात्र कडक राहा. सोलापुरात शेंगा घरात असतातच, आणि खवट, काळपट, बुरशी लागलेले दाणे ‘उंदराला टाकू’ म्हणून बाजूला काढले जातात. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं, आणि उंदीर या विषाला फार हळवा. त्याला उलटीही करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं. द्यायचे तर आपण खाऊ तसेच निवडलेले, भाजलेले, दिवसाला एक-दोन दाणे. शेंगाचटणी अर्थातच नाही. कडक भाकरीचा बिनमिठाचा तुकडा मात्र झकास. दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला काहीतरी टणक लागतं. दात पिवळे-केशरी दिसले तर घाबरू नका, तोच त्यांचा निरोगी रंग.

रोज थोडी काकडी, गाजर, मेथी किंवा कोथिंबीर, नीट धुऊन. डाळिंबाचे चार-पाच दाणे अधूनमधून. कच्चा राजमा, चॉकलेट, सोड्याची पेयं आणि चिकट, घशात बसणारे पदार्थ नकोत. नराला संत्रं-मोसंबी आणि त्यांच्या साली देऊ नका; सालीतलं तेल नराच्या मूत्रपिंडाला बाधतं.

जोडी

मादी चार ते सहा महिन्यांची, २५० ग्रॅमच्या आसपास. पहिलं वेत आठ महिन्यांच्या आत झालेलं बरं, पुढे व्याताना अडण्याची भीती वाढते. नर सहा महिन्यांच्या पुढचा घ्या, म्हणजे त्याचा स्वभाव कळलेला असतो. चावरा नर कितीही देखणा असला तरी बाद. चावरेपणा पिल्लांत उतरतो. शिंकणारं, छातीत घरघर असणारं जनावर बाद. ज्याची आई किंवा बहीण लहान वयात गाठी येऊन गेली, ती ओळही बाद. भाऊ-बहीण लावू नका. दुकानातून आणलेल्यांचं मूळ कळत नाही, त्यामुळे दोघं एकाच दुकानातले असतील तर ते सख्खे असल्याचंच धरून चाला.

नवं जनावर तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. मादी असेल तर याचा दुसराही फायदा: दुकानातून ती गाभणच आली असेल तर तेवढ्यात कळतं.

रंगाचं थोडक्यात. पांढऱ्या-लाल डोळ्यांच्या जोडीला सगळी पिल्लं तशीच होतात. हुडेड जोडीला टोपऱ्याचीच, त्यात एखादं पूर्ण पांढरं निघालं तर दोघांकडे तो गुण लपलेला होता. बिनशेपटीची किंवा बिनकेसांची पैदास करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे: शेपूट नसलेल्याला उष्णता टाकता येत नाही, आणि केस नसलेल्या माद्यांना दूध कमी येतं. सोलापुरात तर पहिलं कारण एकटंच पुरेसं आहे.

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या, उलट नको; तिच्या जागेत नर घातला तर ती त्याला फाडायला धावते. माजावर असलेल्या मादीच्या पाठीवर शेपटीकडे बोट फिरवलं की ती पाठ खोल करून शेपूट बाजूला घेते, कान थरथरवते, उड्या मारत पळते. हे बहुधा संध्याकाळनंतर दिसतं आणि काही तासच टिकतं. माज ओळखता येत नसेल तर दहा दिवस एकत्र ठेवा, म्हणजे दोन माज सापडतात. ट्रेमध्ये मेणासारखी पांढरट गुठळी मिळाली तर काम झालंय. ती तारीख लिहा.

दहाव्या दिवशी मादी बाहेर. ‘राहू दे, बाप आहे’ म्हणून नराला व्यायच्या दिवसापर्यंत ठेवायचं नाही, त्या रात्रीच ती पुन्हा गाभण राहते. मग पाजता पाजता पोटातलं वेत, आणि गर्भ रुजायलाच उशीर झाल्याने व्यायची तारीखही आठवडाभर पुढे सरकते. नराला जुन्या सोबत्याकडे धाडताना दोघांना धुतलेल्या, वास नसलेल्या पिंजऱ्यात सोडा. मादीचा वास घेऊन आलेल्यावर सोबती तुटून पडतो.

गाभण मादी

आठवड्यातून दोनदा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. दोन आठवड्यांनंतर पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं दिसतं आणि वजन भराभर चढतं. प्रथिनं १८ ते २० टक्क्यांवर न्या. रोज पाव उकडलेलं अंडं दिलं की जमतं. सोळाव्या-सतराव्या दिवशी तिला ४०-५० लिटरच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात हलवा. दोन बाजूंना चौकोन कापून जाळी बसवलेली असावी, झाकणही जाळीचं, मजले-शिड्या काही नाही. घरट्यासाठी टिश्यू आणि कागदाच्या पट्ट्या भरपूर.

व्याताना थोडा रक्ताळ स्राव येतो, मग पाच-दहा मिनिटांच्या अंतराने पिल्लं. सगळं दीड-दोन तासांत आटपतं. वार ती खाते, मेलेलं पिल्लूही खाते. तिच्या लेखी ती सफाई आहे. दोन तास कळा देऊनही पिल्लू येत नसेल, किंवा ताजं लाल रक्त वाहत असेल, तर थांबू नका, डॉक्टर गाठा. पिल्लू ओढून काढायचा प्रयत्न घरी करू नका.

पिल्लं, दिवसागणिक

जन्मताना ५-६ ग्रॅमचं गुलाबी बोळकं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी मादी खायला बाहेर आली की हात धुऊन, तिचाच बिछाना तळहाताला चोळून मोजणी करा. पोटाच्या डाव्या बाजूला कातडीतून पांढरा पट्टा दिसतो, ते दूध. पट्टा असलेलं पिल्लू धष्टपुष्ट नसलं तरी काळजी नाही. पट्टा नसलेलं आणि गार लागणारं असेल तर तळहातात ऊब द्या आणि घरट्याच्या मधोमध ठेवा. मादीला बारा सड असतात. चौदा-पंधरा पिल्लं झाली तर काही मागे पडतातच. दोन माद्या एकाच आठवड्यात व्यायल्या असतील तर जास्तीची दुसरीकडे सरकवता येतात, वयात तीन-चार दिवसांहून जास्त अंतर नको. पहिला आठवडा घरटं मोडायचं नाही, फक्त ओला कोपरा उचलायचा.

साधारण आठवड्यात लव येते आणि वजन १५ ग्रॅमच्या आसपास जातं. आठव्या ते बाराव्या दिवसात माद्यांच्या पोटावर सडांचे ठिपके दिसतात. नर-मादी ओळखायची ही सर्वांत सोपी वेळ. पुढे केस दाट झाले की ठिपके लपतात. दुसरी खूण म्हणजे मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर, नरात ते जवळपास दुप्पट. दोन पिल्लं शेजारी धरून बघा, एकटं बघून फसायला होतं. चौदाव्या-पंधराव्या दिवशी डोळे उघडतात. सोळा-सतरापासून ती आईच्या वाटीत तोंड घालतात; भिजवलेले पेलेट किंवा ज्वारीची मऊ कणी ठेवा. तीन आठवड्यांना ४० ते ५० ग्रॅम.

कोरड्या हवेत एक खास दुखणं येतं. आर्द्रता ४० टक्क्यांच्या बरीच खाली गेली की दूधपित्या पिल्लांच्या शेपटीवर कड्यासारख्या खाचा पडतात, पुढचा भाग सुजतो आणि झडतो. सोलापुरात फेब्रुवारीच्या दुपारीही हवा एवढी कोरडी होते. दोनेकशे रुपयांचा आर्द्रतामापक खोक्याशेजारी टांगा, काटा खाली गेला की खोलीत ओलं कापड टांगा आणि घरटं दाट करा. उलट, पावसाळी दमट हवेत कूलर लावला तर बिछाना ओला राहतो आणि अमोनिया वाढतो. तेव्हा नुसता पंखा.

तीस दिवस झाले की नर पिल्लं वेगळी. बत्तिसावा दिवस ही शेवटची मुदत, पुढे ‘अजून लहान दिसतात’ ऐकायचं नाही. भाऊ बहिणींवरच नव्हे, आईवरही चढतात. माद्या आईजवळ राहिल्या तरी चालतात. सहा आठवडे पुरे होईपर्यंत रोज हाताळा, मग द्या. एकेकटं देऊ नका, सारख्या लिंगाची दोन-दोन द्या.

त्या मादीला पुढचं वेत निदान तीन महिन्यांनी, आणि जन्मात दोनच. नर आणि माद्या कायम एकत्र ठेवायच्या असतील तर नराची नसबंदी करून घ्या. शस्त्रक्रियेनंतरही चार आठवडे तो माद्यांपासून दूरच हवा. आधी उपाशी ठेवू नका, उलटी होत नसल्याने त्याची गरज नसते.

आजार

डोळ्याभोवती, नाकाशी लाल दिसलं की लोक रक्त समजून घाबरतात. तो डोळ्यामागच्या ग्रंथीचा लालसर स्राव असतो. सकाळी थोडा दिसून गेला तर ठीक. दिवसभर राहिला तर ताण किंवा आजार. नव्या जागी दोन-चार दिवस शिंका येतात, त्याचंही काही नाही. पण कानाजवळ धरल्यावर छातीत खरखर ऐकू आली, श्वासाला कुशी आत ओढल्या जात असतील, पाठ वाकून केस पिंजारले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टर. डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन बहुधा तेच लिहून देतात, मात्रा वजनावर ठरते. गाभण मादी आणि वाढती पिल्लं असतील तर आधी सांगा, ही औषधं त्यांच्या दातां-हाडांना, सांध्यांना बाधू शकतात. डॉक्सिसायक्लिन दुधा-दह्यात कालवू नका, कॅल्शियममुळे ते नीट शोषलं जात नाही. सोलापुरात गाईगुरं आणि कुत्री बघणारे डॉक्टर मिळतात. लहान प्राणी हाताळणारा कोण, हे जोडी लावण्याआधी विचारून ठेवा.

मान एका बाजूला कलली तर बहुतेकदा आतल्या कानाचा संसर्ग असतो, लवकर औषध मिळालं तर आटोक्यात येतो. दीड वर्षापुढच्या मादीला काखेत किंवा जांघेत गोल, हलणारी गाठ आली तर ती बहुधा दुधाच्या ग्रंथीची. बऱ्याचदा साधी असते, छोटी असताना काढणं सोपं. खाजवून मानेवर खपल्या झाल्या असतील तर उवा किंवा माइट्स. तेव्हा कापूर, डांबरगोळ्या, कुत्र्याचा पिसवा-पट्टा यांतलं काहीही नको.

दर रविवारी वजन लिहा. आठवड्यात दहावा हिस्सा घटला तर बाकी काही दिसत नसलं तरी दाखवा; उंदीर आजार लपवतो, काटा लपवत नाही. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा. चावलं आणि नंतर ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं तर आपल्या डॉक्टरला उंदीर चावल्याचं सांगा, त्याचा वेगळा ताप असतो.

पिल्लं विकायचा धंदा करायचा तर पेट शॉप नियम, २०१८ प्रमाणे राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कॉलेजच्या प्रयोगशाळेला देऊ, असं मनात असेल तर तेही जमत नाही. प्रयोगाची जनावरं त्यांना नोंदणीकृत पैदास केंद्रांतूनच घ्यावी लागतात. ओळखीत देताना पिल्लासोबत एक चिठ्ठी द्या: जन्मतारीख, लिंग, आई-बापाचा रंग, आजवरचे आजार, सध्याचं खाणं. सोबत त्याच खाण्याची आठवड्याची पुडी आणि जुन्या बिछान्याची मूठभर कात्रणं.